कार्ड नंबर ४१

१२ जून २००६, सोमवार. सकाळी ६.१०

नवी वही, नवं पेन. आजपासून काम सुरू. लिहून ठेवलं की माणसाला मागे सरता येत नाही, म्हणून लिहितो. वही फक्त माझ्यासाठी. बायकोची, गोमतीची, शाळेतली चौथी झाली आहे, पण माझं अक्षर तिला लागत नाही. बारीक आणि घोटीव. बावीस वर्षं बिलबुकात लिहिलेलं अक्षर आहे.

काम काय ते एकदा नीट मांडतो. राजहंस १३०० नावाची कार होती. कंपनी बंद होऊन चौदा वर्षं झाली. गोंदियाला सेठच्या एजन्सीत मी राजहंसच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर होतो. कंपनीनं पार्टबुक छापलं नाही, त्याऐवजी मायक्रोफिश पाठवली. फिश म्हणजे पोस्टकार्डाएवढी निळी फिल्म. एका कार्डात अठ्ठ्याण्णव पानं, पान तांदळाच्या दाण्याएवढं. कार्ड मशीनमध्ये काचेखाली ठेवायचं, खालून बल्ब लावायचा, की वर पडद्यावर पान दिसते. गाडीचं चित्र, चित्राला बाण, बाणापुढे पार्टचा नंबर. अशी एकूण बावन्न कार्डं. एजन्सी बंद झाली तेव्हा सेठ रद्दीत देऊन राहिले होते. मी मशीनसकट उचलून आणली.

आता रायपूरच्या चुन्नीलालजींनी जुन्या राजहंसवाल्यांचा क्लब काढला आहे. देशभर साठ-सत्तर शौकीन. गाड्या जिवापाड सांभाळतात, पण पार्टचे नंबर कोणालाच माहीत नाहीत. माझा भाचा टिकेश, स्टँडवर त्याचं झेरॉक्स-कॉम्प्युटरचं दुकान आहे, त्यानं इंटरनेटवर शोधलं. संच दुसरा कुठेच नाही. मुंबईत नाही, दिल्लीत नाही. सडक अर्जुनीत आहे, यादोराव पटलेकडे.

रोज एक कार्ड. बावन्न दिवस. २ ऑगस्टला काम खतम. पंधरा ऑगस्टला सीडी. कव्हरवर माझं नाव.

१३ जून

टिकेशच्या स्कॅनरवर कार्ड ठेवलं. निळा चौकोन आला. टिकेश म्हणे, मामाजी, हे असं नाही होत, याले वेगळी मशीन लागते. मी म्हटलं, रिझोल्यूशन वाढव. वाढवलं. मोठा निळा चौकोन आला.

आजकालच्या पोरांना मशीनची जाण नाही.

१४ जून

निर्णय घेतला. पडद्यावर पाहायचं आणि टाइप करायचं. एक्सेलमध्ये. टिकेशनं जुना कॉम्प्युटर दिला, पांढऱ्याचा पिवळा झालेला. मला टायपिंग येत नाही, पण टाइप काय करायचं? नुसते आकडे. दहाच तर बटणं आहेत.

२० जून

कार्ड १ चालू. पानं झाली १७. लाइट सकाळी सहा तास जाते, दुपारी तीन. पडदाही अंधुक आहे. बल्ब १९७९ चा, त्याचं वय झालं.

सुधारित तारीख: गणपती.

४ जुलै

धानाची रोवणी, म्हणजे लावणी, सुरू. गोमती बाया घेऊन शेतातल्या बांधीत गेली. मी म्हटलं, मीही आलो असतो, पण हातात देशाचं काम आहे.

दुपारी तिची शिदोरी घेऊन गेलो. बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून पाय घसरला आणि शिदोरीसकट चिखलात. यंदा धुरे अरुंद घातले आहेत. ठेकेदाराला सांगायला पाहिजे. रोवणीच्या बाया हसल्या. गोमती हसली नाही.

११ जुलै

बल्ब गेला. एकदाचा! म्हणजे दोष बल्बाचाच होता, हे सिद्ध झालं.

हा बल्ब नागपुरातही मिळेना. कवडू म्हणून हायवेवर ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, ट्रकवाल्यांचे लाइट-हॉर्न करतो. त्याला मशीन दाखवली. तो डोकं खाजवून म्हणे, काकाजी, ट्रकचा हेडलाइट बसवून देऊ काय? बॅटरीवर चालन, तुमची लोडशेडिंगची किटकिटच खतम. याला म्हणतात डोकं. दुपारपर्यंत बसवून दिला.

आता भिंतीवर सिनेमा दिसेल एवढा उजेड.

१२ जुलै

उजेड भरपूर. आकडे अजून पुसटच. कार्डांवर धूळ असावी. ओल्या फडक्यानं बावन्नही पुसली.

२७ जुलै

गोमती म्हणे, अजी, त्या बल्बाले कायले शिव्या देऊन राहिले, एकदा डोळे तं दाखवा. म्हणे काल ताटातली मिरची भेंडी समजून खाल्ली.

मी म्हटलं, मला तिखट आवडते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आणखी एक खाऊन दाखवली.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडावंदनाला गेलो. सीडीबद्दल दोन शब्द बोलणार होतो, बोलावलं नाही. कार्ड ९ पूर्ण. गणपतीपर्यंत कठीण दिसते. दसरा नक्की.

एक निरीक्षण: हायवेवर ट्रकच्या हेडलाइटभोवती हल्ली रंगीत कडी दिसतात, लाल, हिरवी, निळी. नवीन प्रकारचे बल्ब आले असतील. कवडूला विचारलं. तो म्हणे, बल्ब तेच आहेत. कवडूला काय कळते.

३ सप्टेंबर

रविता आली. माझी मुलगी, सौंदडकडे नर्स आहे. स्कूटी दारातच उभी केली होती, मी तिच्यावर आपटलो. गाडी दारात लावायची पद्धत चूक आहे, हे तिला समजावून सांगितलं.

तिनं मला खुर्चीत बसवलं, समोर पाहायला सांगितलं आणि आपला हात बाजूला धरून विचारलं, बाबूजी, बोटं किती? मी म्हटलं, समोर धर म्हणजे सांगतो, बाजूचं कोण पाहते? मग विचारलं, आजोबांना शेवटी दिसत नव्हतं, त्यांना काय झालं होतं? मी म्हटलं, वय.

माझे बाबूजी सहा वर्षं खाटेवर बसून होते. कोणी आलं की चेहऱ्यावर हात फिरवून ओळखायचे. मला ते आवडत नसे. मी दारातूनच सांगायचो, बाबूजी, मी यादो.

हे इथे लिहायचं काही कारण नव्हतं.

३० सप्टेंबर

दोन ऑक्टोबरला इथेच शाळेत नेत्र शिबीर. गोमतीनं नाव देऊन टाकलं, मला न विचारता.

२ ऑक्टोबर

शिबिराला गेलो नाही. दूरदूरच्या खेड्यांतून गरीब माणसं येतात, तासन्‌तास रांगेत बसतात. आपण धडधाकट माणसानं त्यांची जागा अडवायची, हे गांधीजींच्या जयंतीला तरी शोभत नाही.

कार्ड १६.

२१ ऑक्टोबर, दिवाळी

चुन्नीलालजींचा फोन! स्वतः केला. म्हणाले, यादोरावजी, आप तो हमारे लिए भगवान हो. क्लबची रॅली ठरली आहे, नागपूर ते रायपूर, २१ जानेवारीला. चौदा राजहंस! सडक अर्जुनीला ढाब्यावर थांबणार आणि माझ्या हातून सीडी घेणार. चुन्नीलालजींची पत्नीही येणार आहे.

मी म्हटलं, काम जवळपास झालंच आहे. कार्ड १९ चालू.

गोमतीला सांगितलं. ती म्हणे, बरं झालं, मंग त्यानंतर तं डोळे दाखवाल? मी म्हटलं, वचन.

६ नोव्हेंबर

मोठा शोध. प्रत्येक आकडा पाहत बसायची गरजच नाही. अर्धे नंबर मला पाठ आहेत. काउंटरवर मेकॅनिक यायचे, मी फिश न लावता नंबर सांगायचो. सेठ पाहुण्यांना मुद्दाम बोलावून दाखवायचे, हा आमचा यादोराव, याला काहीही विचारा. आता आकडा पुसट दिसला की डोळे मिटतो आणि आठवतो. येतोच.

वेग तिप्पट.

१९ नोव्हेंबर

धानाची कापणी झाली, चुरणं, म्हणजे मळणीही झाली. गोमतीनंच सगळं केलं. कार्ड ३१. डोकं दुखते, पण ते फोडणीच्या धुरानं.

वहीचं अक्षर हल्ली मोठं काढतो. एका पानात आठ ओळी बसतात. मोठं अक्षर मोकळ्या मनाचं लक्षण आहे.

९ डिसेंबर. सकाळी ११

आज एक किरकोळ गोष्ट झाली. लिहून ठेवतो आणि विसरतो.

कार्ड ४१ लावलं होतं. ब्रेकचं कार्ड. पहिलंच पान पाहत होतो तर चुन्नीलालजींचा फोन. रॅलीच्या बातमीसाठी त्यांना माझ्याबद्दल चार ओळी पाहिजे होत्या. अर्धा तास बोललो. जुन्या गोष्टी जपल्या पाहिजेत, एक कागद गेला तर इतिहास गेला, वगैरे. चांगलं बोललो. ते म्हणाले, वाह.

परत आलो तर वास. हेडलाइट चालूच राहिला होता. कार्ड ४१ काचेला चिकटलं होतं आणि मधोमध बुडबुडे आलेले. सुरीनं काढलं. वरची पट्टी राहिली, तिच्यावर '४१ ब्रेक' एवढं मोठ्या अक्षरात आहे. खाली काही नाही.

गोमतीनं आतून विचारलं, काय जळून राहिलं? मी म्हटलं, कवडूचं वायर. तुकडा कचऱ्यात टाकला.

९ डिसेंबर. दुपारी

चुन्नीलालजींना कळवावं का? पण कळवायचं काय? ब्रेक तर मला तोंडपाठ आहे. बावीस वर्षं सगळ्यात जास्त विकला असेल तर ब्रेकचा माल.

११ डिसेंबर

कार्ड ४१ पूर्ण. आठवून. पाहून टाइप करायला दहा दिवस लागले असते, आठवून दोन लागले. खरं म्हणजे सगळंच असं करायला पाहिजे होतं. ब्रेकचा रबर कप, चाकाच्या ब्रेक सिलिंडरात ऑइल अडवणारा: ४१३८. हा नंबर मला कोणी झोपेतून उठवून विचारला तरी सांगीन.

१४ जानेवारी २००७

काम पूर्ण! बावन्न कार्डं. टिकेशनं सीडी काढल्या, वीस. कव्हरवर राजहंसचं चित्र आणि खाली माझं नाव. टिकेश म्हणे नाव लाल रंगात आहे. मला काळं दिसलं. प्रिंटरची शाई.

गोमती म्हणाली, एकदा कोणाकडून तपासून घ्या. मी विचारलं, कोणाकडून? देशात दुसरा माणूस आहे का?

२१ जानेवारी, रविवार

रॅली आली. चौदा गाड्या ढाब्यासमोर ओळीनं. ट्रकवाले जेवण सोडून पाहायला आले. मला हार, शाल, नारळ. भाषण हिंदीत केलं. चुन्नीलालजींनी सीडी डोक्याला लावली आणि गळ्यात पडले. रडले. मीही रडलो. आयुष्यात असा दिवस पाहिला नव्हता, खोटं कशाला बोलू. बावीस वर्षं काउंटरच्या आत उभा होतो. लोक नंबर घेऊन जायचे, नाव कोणी विचारलं नाही.

भाषणात जोर यावा म्हणून बाजूच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून म्हटलं, ये राजहंस, इसकी एक-एक नस मैं जानता हूँ. लोक हसले. ती राजहंस नव्हती, ढाब्यावर जेवायला आलेल्या कोणाची तरी जीप होती. मीही हसलो. वातावरण हलकं करायला मुद्दामच केलं होतं.

चुन्नीलालजींच्या पत्नी, भाभीजी, गोमतीजवळ बसल्या. दोघी बराच वेळ बोलत होत्या. निघताना भाभीजींनी गोमतीचे हात धरले. कशाबद्दल बोलल्या विचारलं तर गोमती म्हणे, बायकांचं.

१ फेब्रुवारी

गोमतीनं वचनाची आठवण दिली. आज गोंदियाला जाणारच होतो. पण कचारगडच्या जत्रेसाठी सगळ्या गाड्या भरून चालल्या आहेत. अशा गर्दीत डोळे तपासायला कोण जाते. जत्रा झाली की.

१९ फेब्रुवारी

चुन्नीलालजींचा फोन. सीडीनं क्लबात धूम केली म्हणाले. कोइंबतूरला एका जुन्या दुकानात राजहंसचा माल पडून होता, कोणाला नंबरच माहीत नव्हते. माझ्या यादीवरून सगळ्यांनी ऑर्डर दिल्या. चुन्नीलालजींनी चारही चाकांचे ब्रेकचे कप मागवले, ४१३८. पहिली पेटी त्यांचीच. त्यांच्यामागून आणखी अकरा लोकांनी मागवले.

म्हणाले, कप जरा टाइट गेला, मेकॅनिकला जोर लावावा लागला. मी म्हटलं, नवा माल टाइटच जातो.

२० फेब्रुवारी

दुपारी झोप लागली नाही.

४१३८. मी हा दिवसाला चार-चार विकायचो. कोणाला विकायचो? कालपासून ते चेहरे आठवून राहिलो. आमगावचा तो वऱ्हाडवाला. बालाघाट लाइनचे दोघे. सगळे व्हॅनवाले. राजहंसची व्हॅनही होती आणि गोंदियात राजहंस म्हणजे व्हॅनच, लग्नाची वऱ्हाडं वाहायला. कार बावीस वर्षांत दहा-बाराच विकल्या असतील. व्हॅन जड, तिचा सिलिंडर मोठा, तिचा कप मोठा.

मग कारचा कप कोणता? ४१३३ असावा. असावा.

पाहायला कार्ड नाही.

२१ फेब्रुवारी

चुन्नीलालजींना फोन करणार होतो. सकाळी माणूस घाईत असतो.

२३ फेब्रुवारी

फोन लावला. नोकरानं उचलला, साहेब बाहेर गेले म्हणाला. निरोप आहे का विचारलं. निरोप देण्यासारखं काही नव्हतं.

२६ फेब्रुवारी

व्हॅनचा कप कारला बसला आहे. बसला म्हणजे बसला. दोन सुताचा फरक असेल. रबर आहे, जमवून घेते. मी उगाच डोक्याला त्रास करून घेतो. सतरा दिवस झाले गाडी चालून राहिली असेल, काही झालं का? नाही झालं.

(सात दिवस. सतरा नाही.)

१३ मार्च, मंगळवार

चुन्नीलालजींचा फोन आला. दवाखान्यातून.

परवा रविवारी दोघं नवरा-बायको गाडीनं नागपूरकडे येऊन राहिले होते. बाघनदीच्या पुढे उतारावर समोर बैल आले. पाय दाबला तर पेडल सरळ खाली. गाडी रस्ता सोडून धानाच्या बांधीत उलटली. त्यांची हसळी, गळ्याखालचं हाड, मोडली. भाभीजींचा उजवा पाय तीन ठिकाणी. रॉड टाकले आहेत. दिवाळीपर्यंत उभ्या राहणार नाहीत, आणि नंतरचं डॉक्टर सांगत नाहीत.

आवाज बारीक झाला होता त्यांचा. माझ्यावर रागावले नाहीत. म्हणाले, मेकॅनिक सांगतो एका चाकाचा कप फाटलेला निघाला, सगळं ऑइल सांडलं. कदाचित मालच जुना असेल. फक्त एकदा कार्ड ४१ पाहून सांगा यादोरावजी, नंबर तोच आहे ना. अकरा लोकांचे कप येऊन पडले आहेत, मी सगळ्यांना थांबवून ठेवलं आहे. तुम्ही हो म्हटलं की बसवतील.

मी म्हटलं, पाहून सांगतो.

१४ मार्च, बुधवार

सकाळी फोन केला. सांगितलं, कार्डावर पाहिलं. ४१३८च आहे. नंबर बरोबर आहे. विषय संपला.

२३ मार्च, शुक्रवार

आज गोमतीनं हातातून पेन काढून घेतलं आणि दुसरं दिलं. म्हणे, अजी, त्यातली शाई संपली, तुम्ही मंगळवारपासून कोऱ्या कागदावर लिहून राहिले. मी म्हटलं, असं कसं होईल? ती म्हणे, मी रोज पाहून राहिली, पण तुम्ही लिहिताना रडून राहिले होते, मंग मी बोलली नाही.

वीस तारखेपासून, मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन दिवस, किती पानं कोणास ठाऊक. सगळं कोरं.

त्यात होतं ते असं. मंगळवारी रविता आली आणि न विचारता मला गोंदियाला घेऊन गेली. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू असता तर काढला असता. यात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी औषधानं धरून ठेवायची. उरलेली म्हणजे डाव्या डोळ्यात समोरचं थोडं, नळीतून पाहिल्यासारखं. दोन ऑक्टोबरला आले असते तर बरंच वाचलं असतं, हे त्यांनी मला नाही, रविताला सांगितलं. मी तिथेच बसलो होतो.

आणि दुसरं होतं ते कार्डाचं. तेही सगळं लिहिलं होतं, काही न लपवता. फोनवरचं बोलणं, टिकेशच्या सीडी, अकरा लोक. आयुष्यात पहिल्यांदा खरं लिहिलं असेल आणि ते उमटलंच नाही.

गोमतीला विचारलं, मग उमटलेलं शेवटचं काय आहे? अक्षर मोठं झाल्यापासून तिला लागते, हे मला माहीतच नव्हतं. तिनं बोट ठेवून वाचलं, अडखळत: कार्डावर पाहिलं. ४१३८च आहे. नंबर बरोबर आहे. विषय संपला.

वाचून झाल्यावर ती आत गेली. डबा उघडल्याचा आवाज आला. परत येऊन माझ्या हातात काहीतरी ठेवलं. मी विचारलं काय आहे. ती म्हणे, तुम्हीच पहा. मी बोटं फिरवली. वर गुळगुळीत, खाली बुडबुडे. कचऱ्यातून उचलून इतके दिवस ठेवलं होतं तिनं. माहीत नव्हतं कामाचं आहे की नाही, पण तुमची एवढी मेहनत, फेकवलं नाही, म्हणे.

मग म्हणाली, हे तं जळलं होतं ना जी. मंग पाहिलं कशात?

चुलीवरचं दूध उतू गेलं तरी ती उठली नाही.

शेवटी तिनंच फोन जवळ आणून ठेवला आणि नंबर विचारला. रायपूरचा नंबर मला पाठ आहे. एकेक आकडा सांगितला, तिनं फिरवला, हळूहळू, प्रत्येक आकडा पुन्हा विचारून.

भाभीजींनी उचलला. फोन पलंगाजवळच ठेवला आहे म्हणे. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, भाईसाहब, आँखें दिखाईं क्या? ढाब्यावर त्या दोघी बोलल्या होत्या ते हेच. तेव्हापासून भाभीजींचे फोन यायचे आणि गोमती त्यांच्याजवळ रडायची, मला आज कळलं.

मी म्हटलं, दाखवली. मग सांगितलं, भाभीजी, नंबर चुकीचा आहे, अकराही जणांना थांबवा, कप बसवले असतील तर गाडी काढू देऊ नका. कार्ड डिसेंबरातच मी जाळलं होतं.

तिकडून पंख्याचा आवाज येत राहिला. मग त्यांनी कोणाला तरी हाक मारली, कागद-पेन लाओ, आणि मला म्हणाल्या, सगळ्या पार्टची नावं सांगा, जे-जे तुम्ही न पाहता लिहिलं आहे ते.

किती आहेत ते मलाही माहीत नाही. आधीचंही नीट दिसलं नव्हतं, म्हणून पहिल्या कार्डापासून सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत चौथ्या कार्डावर आलो.